ईशान्येचं तळं

पाथर्डीच्या स्टँडवर आमची पहिली भेट झाली तेव्हा मी सरांना एकच साधा प्रश्न विचारला होता. माझी नवीन नेमणूक होती, हातात ऑर्डर होती, समोर जीपगाड्या उभ्या होत्या आणि त्यांतली आमच्या शाळेच्या गावाला कोणती जाते एवढंच मला हवं होतं. शेजारी एक उंच, वाळके गृहस्थ पाठीला शाळकरी पोराची सॅक लावून उभे होते. शिक्षक दिसत होते, म्हणून त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला कोणती वाटते?"

मला वाटली ती शेवगावची निघाली. अर्ध्या वाटेत उतरून, उन्हात ताटकळत, येईल त्या गाडीला हात करत मी शाळेत पोचले तेव्हा मधली सुट्टी झाली होती आणि हेच गृहस्थ ओट्यावर बसून डबा खात होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आता ही जीप तुम्ही जन्मात चुकणार नाही," ते म्हणाले. मी पुणतांब्याची. गोदाकाठची माणसं मनात ठेवून बोलत नाहीत. मी तिथल्या तिथे त्यांना जे सुनावलं ते मराठीच्या शिक्षिकेला शोभणारं नव्हतं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि डबा पुढे केला. त्यांच्या घरच्या नाताळच्या करंज्या होत्या. करंजी चांगली होती, म्हणून आमचं पुढे जमलं.

उत्तर देणं हे सरांना पाप वाटायचं. हॉटेलवाल्याने "सर, साखर कमी का जास्त?" विचारलं की ते म्हणायचे, "काल किती घातली होतीस? मग मी कसं तोंड केलं होतं?" शेवटी त्या बिचाऱ्याने विचारणंच सोडलं आणि मनाला येईल तसा चहा पुढे करायला लागला. सरांच्या मिसेस एकदा मला म्हणाल्या, "भाजी काय करू विचारलं की हे फ्रिज उघडून दाखवतात. मला बघायला आले होते तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? तर हे म्हणाले, तुम्ही तिला विचारलंत का? काय कौतुक वाटलं होतं मला त्या वेळी! लग्नानंतर कळलं, ती नुसती खोड होती."

वर्गात ही खोड दोन प्रश्नांवर चालायची. मुलाने काहीही सांगितलं की सर विचारणार, "कुणी सांगितलं?" मुलगा म्हणणार, "पुस्तकात हाय." मग दुसरा प्रश्न, "पुस्तकाला कुणी सांगितलं?" इथपर्यंत येता येता लहान वर्गातली पोरं रडकुंडीला यायची. मोठी पोरं सरावली होती. प्रत्येक तासाच्या शेवटी सर हात झटकून "शोधा!" म्हणायचे, म्हणून गावात त्यांचं नावच शोधा सर पडलं होतं. त्यांचं खरं नाव विचारलं तर निम्म्या पालकांना सांगता आलं नसतं.

प्रशिक्षणाला आम्ही सगळेच जातो. तालुक्याच्या हॉलमध्ये पंख्याखालची खुर्ची धरतो, फोटोसाठी माना वर करतो आणि जेवण झालं की सही करून निघतो. येताना कुणी पिशवी आणतं, कुणी पेन आणतं. सर एकदा कल्पना घेऊन आले. ही गोष्ट प्रशिक्षण देणाऱ्यांनाही अपेक्षित नसावी.

कल्पना अशी, की मुलांना धडा शिकवायचा नाही, प्रश्न द्यायचा. प्रश्नही असा, की त्याचं उत्तर एका जागी छापलेलं नसेल. मग मुलांनी गट करायचे, गटातल्या प्रत्येकाने एक भूमिका घ्यायची, इंटरनेटवर जाऊन आपापल्या भूमिकेपुरती माहिती शोधायची, ती एकमेकांशी ताडून बघायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून काय करावं ते ठरवायचं. अशाने मुलं प्रश्न सोडवायला शिकतात म्हणे. शिक्षकाने काय करायचं? गप्प बसायचं. सरांना हे ऐकून जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. त्यांची खोड ही सरकारमान्य पद्धत निघाली होती.

शाळेत कॉम्प्युटर होते. त्यांना प्लॅस्टिकची कव्हरं होती, खोलीला कुलूप होतं आणि किल्ली हेडसरांच्या करदोट्याला होती. हेडसरांचं म्हणणं असं, की वापरले तर खराब होतील आणि खराब झाले तर तपासणीला काय दाखवायचं? मग सरांनी स्वतःचा फोन काढला आणि मिसेसचा जुना फोन आणला. पण आमच्या गावात रेंज एकाच ठिकाणी यायची, शाळेच्या ध्वजस्तंभाच्या ओट्यावर. त्या ओट्यावर चपला काढून चढायचं असा दंडक. त्यामुळे सरांचा तास असला की नववीचा अख्खा वर्ग अनवाणी, झेंड्याच्या खांबाभोवती दाटीवाटीने उकिडवा बसलेला दिसायचा. रस्त्याने जाणारी माणसं आज काय विशेष म्हणून थबकायची आणि काही जण तर हात जोडून पुढे जायची.

पहिला प्रकल्प पाण्याचा होता. आपल्या गावात पाणी कुठून येतं आणि कमी पडलं तर काय करावं, असा प्रश्न. भूमिका चार. भूजलतज्ज्ञ, तहसीलदार, टँकरचा ड्रायव्हर आणि ज्याच्या घरी पाणी येत नाही तो. ड्रायव्हर व्हायला मारामारी झाली. शेवटची भूमिका कुणालाच नको होती, कारण ती घरी रोज करावी लागत होती.

पण आमच्याकडे प्रकल्प ही शाळेत करायची गोष्ट नाही, झेरॉक्सच्या दुकानात करायची गोष्ट आहे. पाथर्डीत एक मल्टिसर्व्हिसेस आहे. तिथे सातबारा, पॅनकार्ड आणि शालेय प्रकल्प एकाच खिडकीत मिळतात. विषय सांगायचा, इयत्ता सांगायची, चहा पिऊन येईपर्यंत स्पायरल बांधून तयार. पर्यावरण म्हटलं की वर गुलाब, पाणी म्हटलं की धबधबा. सरांकडे प्रकल्प आले तेव्हा सगळ्या गटांवर एकच धबधबा कोसळत होता आणि एका गटाने बीडच्या कुठल्याशा मुलीच्या आईवडिलांचे मनःपूर्वक आभार मानले होते, कारण दुकानदाराचं आधीच्या गिऱ्हाइकाचं पान बदलायचं राहिलं होतं. पालक मात्र खूश होते. जाड प्रकल्प म्हणजे हुशार पोरगं, असा आमच्याकडचा हिशेब आहे.

सर रागावले नाहीत, गप्प झाले. सर गप्प झाले की मला भीती वाटायची. पुढच्या वर्षी त्यांनी तोच प्रकल्प दिला आणि देण्याआधी इंटरनेटवर आमच्या गावाच्या नावाने एक पान तयार करून ठेवलं. भाषा अशी, की वाचणाऱ्याने उभं राहूनच वाचावं. 'सदर गावाच्या ईशान्येस निजामशाहीकालीन बारमाही तळे असून त्यामध्ये भर उन्हाळ्यातही मुबलक जलसाठा उपलब्ध असतो. सदर तळ्यात कमळे, बदके व विविध जातींचे मासे आढळून येतात.' सोबत निळ्याशार पाण्याचा एक फोटो, कुठला होता देव जाणे. हे सगळं त्यांनी डोक्यातून काढलं होतं. आमच्या गावाच्या ईशान्येला माळ आहे. त्यावर कुसळं आणि दोन बाभळी आहेत.

प्रकल्प आले. सगळ्यांत तळं होतं. जन्मापासून त्या गावात वाढलेल्या, सुट्टीच्या दिवशी त्याच माळावर शेळ्या घेऊन जाणाऱ्या पोरांनी लिहून दिलं होतं की तिथे बदकं असतात.

सरांनी सगळे प्रकल्प मोठ्याने वाचले, एकदाही हसले नाहीत आणि म्हणाले, "चला, बदकं बघून येऊ." भर दुपारी वर्ग ईशान्येला निघाला. मीही गेले, मला राहवलं नाही. माळावर एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. सरांनी एका मुलाला पुढे केलं. तो ओशाळून म्हणाला, "आजे, हितलं तळं कुठंशी हाय?" म्हातारीने आधी त्याच्याकडे बघितलं, मग सरांकडे. म्हणाली, "उन्हातान्हात पोरं हिंडवतोय ह्यो. ह्याच्या टाळूला आधी पानी लावा कुनी तरी."

परत येताना पोरं खाली मान घालून चालत होती आणि सर एखाद्या वरबापासारखे पुढे. जीपमध्ये त्यांनी मला सांगितलं की पान त्यांनीच लिहिलं. "झालं ना काम? आता काढून टाका ते," मी म्हटलं. "काढू कशाला? पुढची बॅच आहे की," ते म्हणाले. पुढच्या बॅचला मोठ्या भावंडांनी आधीच सावध करून ठेवलं होतं. त्यामुळे तळं कुणी लिहिलं नाही आणि सरांना वाटलं, पद्धत लागू पडली. फक्त एक खंत होती. पान खोटं आहे हे सगळ्यांना कळलं, पण ते लिहिलं कुणी, हे एकाही पोराला विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस आलाच नाही. दिवाळी झाली, मुकादमांच्या गाड्या आल्या, ऊसतोडीची माणसं कारखान्यांकडे गेली आणि होळीच्या आत गावातल्या विहिरी कोरड्या पडल्या. ग्रामपंचायतीने टँकरची मागणी केली. शेजारच्या गावांना टँकर सुरू झाले, आमच्या गावाला नाही. कारण कुणाला माहीत नव्हतं. वर अडकलंय, एवढंच सगळे सांगत होते.

नववीच्या वर्गात मुलींची बाकं रिकामी दिसायला लागली. प्रतीक्षा नावाची मुलगी आधी दुसऱ्या तासाला यायला लागली, मग मधल्या सुट्टीनंतर, मग दिवसाआड. आईबाप तोडीला गेलेले, ती आजीजवळ वस्तीवर राहिलेली. सकाळी उठून खालच्या गावच्या विहिरीवर खेपा घालायच्या, तिथे रांग, तिथे भांडणं. आजीचे गुडघे गेलेले. एक दिवस आजीच शाळेत येऊन मला म्हणाली, "मॅडम, नाव काडून टाका तिचं. साळंनं तहान भागती व्हय?" मी काहीतरी समजूत घालून तिला परत पाठवलं. आमच्याकडे मुलीची शाळा एकदा सुटली की पुन्हा धरता येत नाही. पुढचा हंगाम येतो, तिच्या हातात कोयता येतो आणि मग लग्न. नववीतल्या सगळ्यांत हुशार मुलीचं ते होताना मला बघायचं नव्हतं.

आणि सर काय म्हणाले? सर हात चोळत स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, "बाई, टँकर का येत नाही हे मलाही माहीत नाही! असा प्रश्न नशिबानं मिळतो." मला इतका संताप आला की मी उठून बाहेर गेले. लोकांच्या घशाला कोरड पडलेली आणि या माणसाला प्रकल्प सुचतोय! पण सरांनी वर्गाला प्रश्न दिला होता. भूमिका त्याच चार. शेवटची भूमिका या वेळी प्रतीक्षाने मागून घेतली.

पोरं आधी ग्रामसेवकाकडे गेली. तो म्हणाला, नामंजूर झालंय. कुणी सांगितलं? तालुक्याने. शनिवारी शाळा सुटल्यावर चौघं जण जीपने तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या क्लार्कने आधी हाकललं, पण ती टेबलासमोरून हलेनात, तेव्हा फाइल उघडली. तालुक्याचा पाण्याचा आराखडा झाला होता आणि त्यात आमच्या गावाला पाणी दाखवलं होतं. आराखड्याला कुणी सांगितलं? ते काम एका खासगी संस्थेला दिलेलं. संस्थेने गावोगाव फिरून पाहणी करायला एक तरुण नेमला होता. तो पाथर्डीच्या स्टँडवर उतरला, ऊन बघितलं आणि समोरच्या मल्टिसर्व्हिसेसमध्ये शिरला. दुकानदाराने पोरांना हे अभिमानाने सांगितलं. "समद्या तालुक्याची माहिती हितंच बसून काडली त्यानं. समदं ऑनलाइन हाय आता."

सोमवारी ध्वजस्तंभाच्या ओट्यावर पोरांनी हे सगळं सरांना सांगितलं. मी व्हरांड्यात उभी होते.

"सर, आपल्या गावाला बारमाही तळं हाय म्हनून टँकर न्हाई," एक जण म्हणाला. "ईशान्येला."

"बदकं बी हायेत," मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा वर्ग खो खो हसला.

सर हसले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारायला पाहिजे होता, तो त्यांनी विचारला नाही. तो प्रतीक्षाने विचारला. ती त्या दिवशी उशिराच आली होती आणि कडेला उभी होती. "मंग त्या इंटरनेटला कोनी सांगितलं?" ती म्हणाली. सर म्हणाले, "उद्या बघू," आणि तास वाजायच्या आत उठले.

संध्याकाळी जीपमध्ये ते म्हणाले, "बाई, मी ते पान पुसून टाकलं."

"फार उपकार झाले," मी म्हटलं. "आता तालुक्याला जाऊन खरं काय ते सांगा."

ते दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला नंतर शब्दाला शब्द सांगितलं आणि सांगताना त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. क्लार्क म्हणाला, "ते पान दाखवा." सर म्हणाले, पुसून टाकलं. "मग पुरावा काय?" "अहो, मीच लिहिलं होतं! मी सांगतोय ना!" तेव्हा क्लार्क फार समजुतीने म्हणाला, "सर, तुम्ही नुसतं सांगताय. आराखड्यात छापलेलं आहे." साहेबांना एकदा माळ दाखवतो म्हटल्यावर तो म्हणाला, "पाणी नाही हे बघायला साहेब कशाला येतील? टँकर मागणारं प्रत्येक गाव तेच म्हणतं. आणि तुमचं खरं धरलं तर आराखडा चुकला असं होतं. ते कोण लिहील?" आयुष्यभर दुसऱ्याकडे पुरावा मागणारा माणूस पहिल्यांदा स्वतः खरं सांगायला गेला होता आणि पुरावा नाही म्हणून परत आला होता.

मग त्यांनी वर्गाला सांगितलं. मला म्हणाले, तुम्ही बरोबर चला. मी मागे उभी राहिले. सरांनी काही आडवळण घेतलं नाही. तळं मी लिहिलं, पोरांना नक्कल करताना पकडावं म्हणून लिहिलं, काढून टाकायला पाहिजे होतं ते टाकलं नाही, म्हणाले. तालुक्याहून हात हलवत परत आलो, तेही सांगितलं. प्रतीक्षा उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, पण मला तो आजही ऐकू येतो. "सर, मी तीन-तीन खेपा करते. मान मोडती माझी."

"हो," सर म्हणाले. त्यांनी खडू उचलला. मग म्हणाले, "आता पुढे काय करायचं ते मी सांगत नाही. या वेळी मला खरंच माहीत नाही." आणि फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'नसलेलं तळं कागदावरून कसं काढायचं?'

त्यानंतर पोरांनी सरांना बाजूला ठेवलं. फोन घ्यायची, ओट्यावर बसायची, सर जवळ आले की स्क्रीन पालथी करायची. सरांनी काय चाललंय विचारलं तर एक जण म्हणाला, "तुमीच शोधा की." मला मात्र थोडंफार कळत होतं, कारण माझ्याकडे भाषेच्या अडचणी घेऊन यायची. त्यांनी विचार केला होता तो असा. साहेब गावात कशाला येतात? मतदानाला येतात, उद्घाटनाला येतात, वसुलीला येतात. काही नाही म्हणून कुणी येत नाही, काही आहे म्हटलं की येतात. मग प्रतीक्षा म्हणाली, "तळं न्हाई म्हनून सर गेल्ते, कोन आलं? आपन तळं हाय म्हनू." कुठल्याशा सरकारी पानावर त्यांना सापडलं की गावतळ्यात मासे वाढवायचे असतील तर आधी तळ्याची मोजणी होते आणि मोजणीला अधिकारी जागेवर येतो.

अर्ज पोरांनीच लिहिला. आमच्या गावच्या ऐतिहासिक तळ्यात मत्स्यबीज सोडून गावाचं उत्पन्न वाढवायचं आहे, तरी तळ्याची मोजणी करून मिळावी. सोबत आराखड्याचं ते पान जोडलं. "मॅडम, सदर कुठं कुठं घालायचं?" प्रतीक्षाने मला विचारलं. मी म्हटलं, जागा दिसेल तिथे घाल. सरपंचबाईंनी अर्ज वाचला, आधी डोळे मोठे केले, मग पदराने तोंड झाकून हसल्या आणि सही केली. त्यांच्या घरचे हंडेही रिकामेच होते.

आठवडा उलटायच्या आत सरकारी जीप आली. गॉगल लावलेले साहेब, टेप धरणारा शिपाई, हातात तो आराखडा. टँकरसाठी दोन महिने जी जीप फिरकली नव्हती ती माशांसाठी धुरळा उडवत आली. नववीचा वर्ग वाट दाखवायला पुढे आणि काय चाललंय ते न कळलेले सर सगळ्यांत मागे. साहेब माळावर उतरले, बाभळीच्या सावलीत उभे राहिले, आराखडा उलटा-सुलटा करून बघितला.

"तळं कुठंय?"

"हितंच हाय साहेब," एक पोरगा म्हणाला. "तुमच्या पायाखाली."

"पाणी कुठंय मग?"

"साहेब, आमी बी तेच इचारतोय," प्रतीक्षा म्हणाली.

साहेबांनी गॉगल काढला. माणूस वाईट नव्हता, आणि मठ्ठही नव्हता. त्यांना सगळं कळलं. सर पुढे आले आणि म्हणाले, "साहेब, यात मुलांचा काही दोष नाही. हे तळं मी लिहिलं होतं." साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, आराखड्याकडे बघितलं, त्यावरच्या सह्यांकडे बघितलं. त्यांतली एक त्यांच्या वरिष्ठांची असावी. मग बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी पंचनामा लिहिला, 'सदर तळे कालौघात आटले असावे. सद्यःस्थितीत जलसाठा निरंक.' मी तो वाचला आणि सरकारी मराठीपुढे मनातल्या मनात हात टेकले. एका वाक्यात तळं खरं ठरलं होतं, आराखडा बरोबर ठरला होता, कुणाचीही चूक झाली नव्हती आणि आमच्या गावात पाणी नव्हतं.

सरपंचबाईंनी तो पंचनामा तालुक्याला नेऊन दिला आणि त्यावर टँकर मंजूर झाला. शाळेजवळच्या चिंचेखाली तो उभा राहायला लागला. वेळेचा काही नेम नसायचा, म्हणून मुली हंडे घेऊनच शाळेत यायच्या आणि व्हरांड्यात ते ओळीने मांडून वर्गात बसायच्या. हेडसरांनी त्याचाही फोटो काढून 'जलव्यवस्थापन उपक्रम' म्हणून वर पाठवला. प्रतीक्षा पुन्हा पहिल्या तासाला हजर राहायला लागली. सर मात्र बेचैन होते. आपल्याला नोटीस येईल, खुलासा द्यावा लागेल, म्हणून ते रोज शिपायाला टपाल विचारायचे. नोटीस आली नाही. जे तळं आटलं होतं, ते खोटं लिहिल्याबद्दल कुणाला नोटीस काढणार? शिक्षा झाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला त्यांच्याकडे बघून वाटायचं.

मग मार्क द्यायचा दिवस आला. प्रकल्पाच्या शेवटी मुलांशी बोलून मार्क द्यायचे ही सरांची रीत. ओट्यावर ऊन होतं म्हणून त्यांनी वर्गातच सगळ्यांना बसवलं होतं आणि मला बोलावून घेतलं होतं. प्रतीक्षाच्या गटाशी आल्यावर ते थांबले.

"प्रतीक्षा," ते म्हणाले, "इंटरनेटवर मी तळं लिहिलं ते खोटं होतं."

"व्हय सर."

"अर्जात तू तळं लिहिलंस, तेही खोटंच होतं."

"व्हय."

"मी तुम्हाला इतकी वर्षं खरं शोधायला शिकवलं आणि शेवटी साहेब आले ते खोट्यालाच आले. मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? मला हे कळत नाहीये, म्हणून विचारतोय."

ती विचारात पडली. पाठ केलेलं उत्तर नव्हतं ते. तिने खिडकीतून बाहेर बघितलं, मग सरांकडे.

"तुमच्यानं पानी गेलं, सर," ती म्हणाली. "माज्यानं आलं."

सरांनी कागदावर मार्क मांडले, पूर्णच्या पूर्ण, आणि पेन खिशाला लावलं. मला त्या माणसाची फार कीव आली आणि तितकीच मायाही वाटली. तेवढ्यात चिंचेखाली टँकरचा हॉर्न वाजला आणि मुली भराभर उठल्या.

"जाऊ का सर? आजी आलीया रांगंत, तिला हंडा उचलत न्हाई," प्रतीक्षा म्हणाली आणि निघालीसुद्धा.

सर उठले. व्हरांड्यात राहिलेला तिचा दुसरा हंडा त्यांनी उचलला, कसा धरायचा ते न कळून एकदा या हातात, एकदा त्या हातात घेतला आणि तिच्या आजीच्या मागे जाऊन रांगेत उभे राहिले.